खार विसराळू नाही आणि थंडीभर झोपतही नाही

थंडी सुरू झाली की एक संदेश गटागटांतून फिरू लागतो. बर्फात बसलेली तांबूस खार, कानांवर केसांचे झुपके, हातात हेझलनट. खाली मजकूर: "खारूताई थंडीसाठी हजारो बिया जमिनीत पुरते, पण बिचारी नंतर जागाच विसरते! तिच्या या विसरभोळेपणामुळे दरवर्षी लाखो झाडे उगवतात. मग थंडीभर ती ढोलीत झोपून राहते. पूर्ण शाकाहारी असलेला हा जीव निसर्गाचा खरा वनरक्षक आहे. तिच्या पिलाला कधी हात लावू नका, माणसाचा वास लागला की आई त्याला टाकून देते." शेवटी जोडलेले हात आणि 'पुढे पाठवा'.

गडबड फोटोपासूनच आहे. ती युरोपातली तांबडी खार. आपल्या कुंपणावरून पळते ती वेगळी: दक्षिणेकडची तीन पट्ट्यांची किंवा उत्तर आणि मध्य भारतातली पाच पट्ट्यांची. महाराष्ट्रात दोन्ही आढळतात. (रामाने पाठीवरून बोटे फिरवल्याची गोष्ट तीन पट्टेवालीला शोभते. पाच पट्टेवालीचा हिशोब कुणी विचारत नाही.) एका प्राण्याचे चरित्र दुसऱ्याच्या नावावर खपवले आहे, आणि गंमत म्हणजे ते त्या पहिल्या प्राण्यालाही नीट लागू पडत नाही.

"पुरते आणि विसरते." संदेशातला सगळ्यांचा लाडका भाग हाच, म्हणून त्याकडे जरा सावकाश बघू. बिया एकेक करून जागोजागी पुरण्यात पटाईत आहे ती उत्तर अमेरिकेतली करडी खार. ती पुरलेले विसरते का, हे लुसिया जेकब्स आणि एमिली लायमन यांनी तपासले. त्यांचा निबंध १९९१ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक खारीला १० हेझलनट पुरू दिले आणि २, ४ किंवा १२ दिवसांनी तिला एकटीला पुन्हा त्याच जागेत सोडले. जवळच दुसऱ्या खारींनी वापरलेल्या जागांवरही हेझलनट होते. नुसत्या वासावर शोध चालला असता तर आपले-परके सारखेच सापडायला हवे होते. पण खारींनी स्वतः पुरलेल्या जागांवरून जास्त काढले. म्हणजे नाक तर कामाला येतेच, पण जागाही लक्षात असते.

कॅलिफोर्नियात बर्कली विद्यापीठाच्या आवारात ४५ खारींवर झालेला आणखी एक अभ्यास २०१७ साली छापून आला. त्या खारींना बदाम, अक्रोड, पेकन आणि हेझलनट दिले. सगळे एकाच ठिकाणाहून मिळत गेले, तेव्हा त्यांनी ते जातवार वेगवेगळ्या भागांत पुरले. वाण्याच्या दुकानात डाळी वेगळ्या आणि कडधान्ये वेगळी, तसा प्रकार. विसराळू प्राणी एवढी मांडामांड कशाला करील? करडी खार तर दुसरी कुणी बघत असेल तर खड्डा उकरते, काही न ठेवताच तो बुजवते आणि दाणा तोंडात घेऊन भलतीकडे जाते.

मग पुरलेले सगळे परत का काढले जात नाही? काही संदेशांत 'चारपैकी तीन दाणे विसरते' असा आकडाही चिकटवलेला असतो. पण न काढलेला दाणा म्हणजे विसरलेला दाणा नव्हे. काही उंदीर, पक्षी किंवा दुसऱ्या खारी पळवतात. काही ती स्वतःच उकरून दुसरीकडे पुरते. काही गरजेपेक्षा जास्तच असतात. आणि कित्येकदा पुरणारी खारच ससाण्याच्या तावडीत सापडलेली असते.

"लाखो झाडे उगवतात." हे अर्धे खरे आहे. ओक, अक्रोड यांसारख्या जड बियांच्या झाडांना मूळ झाडापासून लांब जायला खारी आणि 'जे' (jay) नावाचे पक्षी खरोखर उपयोगी पडतात. पण खार 'वनरक्षक' म्हणून नेमलेली नाही. पांढऱ्या ओकचे फळ शरदात जमिनीवर पडले की लगेच कोंब धरते, आणि कोंब फुटला की साठा वाया गेला. म्हणून करडी खार ते बहुधा तिथेच खाऊन टाकते. पुरायचेच असेल तर आधी दातांनी आतला अंकुर कोरून काढते, म्हणजे ते रुजणारच नाही. तांबड्या ओकचे फळ वसंतापर्यंत रुजत नाही, ते मात्र ती निवांतपणे पुरते. झाड उगवू नये यासाठी बीच निकामी करणाऱ्या प्राण्याला वृक्षारोपणाचे प्रशस्तिपत्र देताना थोडा हात आखडता घ्यावा.

आता आपल्या अंगणात या. आपली खारही शेंगदाणा कुंडीत खुपसून ठेवते, नाही असे नाही. पण बर्फाखाली चार महिने काढायची तिच्यावर वेळच येत नाही, त्यामुळे तसली बेगमी हा तिच्या वर्षाचा कणा नाही. तिचे वर्ष फुलोऱ्यावर आणि फळांवर चालते. थंडी सरता सरता काटेसावर फुलते तेव्हा ती फुलात तोंड घालून मध पिते आणि परागकणांनी माखलेले तोंड घेऊन पुढच्या फुलाकडे जाते. झाडासाठी तिचे हे कामही मोलाचे आहे, पण संदेशात त्याचा उल्लेख नाही. पुढे चिंचा, आंबे, जांभळे. वड, पिंपळ आणि उंबर अधूनमधून पिकतच असतात. एप्रिल-मेच्या दुपारी ती सावलीतल्या फांदीवर चारी पाय पसरून, पोट टेकून पडते. उष्णता अंगातून काढण्याची तिची ती रीत आहे, आजारी समजून तिच्यावर पाणी ओतू नका. पाऊस लागला की कापूस, चिंध्या, काथ्या, सुतळी जे मिळेल ते ओढून नेऊन वळचणीला, पत्र्याखाली किंवा एसीच्या मागे गोळा करते. पिलांसाठी तिला ऊबदार कोपरा लागतो. नर पिलांच्या भानगडीत पडत नाही, सगळे आईवरच.

भीमाशंकरच्या जंगलातला शेकरू, म्हणजे आपला राज्यप्राणी, हा आणखी तिसराच प्रकार. तो सहसा झाडावरून उतरतच नाही. उंच, बारीक फांद्यांवर काटक्या-पानांची गोल घरटी बांधतो, एकट्याची अनेक. जमिनीत बिया पुरत फिरणाऱ्या खारूताईच्या गोष्टीत त्याला बसवणे अवघडच.

"थंडीभर झोपते." नाही. आपली झोपत नाही, आणि फोटोतली युरोपीय खारही झोपत नाही. झाडांवर राहणाऱ्या खारी शीतनिद्रा घेत नाहीत. फार वादळ असेल तर दिवसभर घरट्यात राहतात, मग बाहेर पडून पुरलेले उकरतात. करड्या खारीचा एक विणीचा हंगाम तर ऐन थंडीत सुरू होतो, डिसेंबर-जानेवारीत नर माद्यांमागे झाडाझाडांवरून पळत असतात. शीतनिद्रा घेतात त्या जमिनीत बिळे करणाऱ्या खारी. आर्क्टिक प्रदेशातल्या अशा एका खारीच्या शरीराचे तापमान झोपेत उणे २.९ अंश सेल्सियसपर्यंत उतरल्याची नोंद आहे, आणि तरीही रक्त गोठत नाही. आपल्या देशात लडाखचा मार्मोट हा खारीच्याच कुळातला, तोही हिवाळा बिळात झोपून काढतो. संदेशवाल्यांनी दोन चुलतभावंडांची पत्रिका एकत्र शिवली आहे.

"पूर्ण शाकाहारी." ज्यांच्या बाल्कनीत चिमणीने घरटे केले आहे त्यांना विचारा. खारी किडे खातात, पक्ष्यांची अंडी खातात, कधी पिलेही.

"पिलाला हात लावला की आई टाकते." बाकीच्या चुकांनी फारसे कुणाचे बिघडत नाही, हिने पिलू मरते. हात लावायचा नाही म्हणून लोक त्याला उन्हात, मुंग्यांत पडू देतात, नाहीतर 'आता आई घेणार नाही' म्हणून घरी नेऊन गाईचे दूध पाजतात. त्या दुधाने जुलाब होतात. खारीची आई माणसाच्या वासाने पिलू सोडत नाही. घरटे मोडले की ती पिलांना एकेक करून तोंडात धरून दुसरीकडे हलवते. म्हणून पिलू थंड पडले असेल तर आधी तळहातात ऊब द्या, मऊ कापड घातलेल्या उघड्या खोक्यात ठेवा आणि खोके त्याच झाडाजवळ, मांजर-कावळ्यांपासून सांभाळून ठेवा. मग लांब व्हा, कारण माणूस शेजारी उभा असेल तर ती येणार नाही. खार दिवसा वावरते, त्यामुळे वाट उजेडातच पाहायची. संध्याकाळपर्यंत ती आली नाही किंवा पिलू जखमी असेल, तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा.