समाधी कोणाची, हे विचारणे अनादर नव्हे

महोदय,

जपानच्या शाही समाध्यांवरील माझ्या लेखावर आपण दोन आक्षेप घेतले आहेत. सकाई शहरातील दाइसेन कोफुनचा (कोफुन म्हणजे प्राचीन टेकाडवजा समाधी) उल्लेख ‘सम्राट निन्तोकू यांची मानली जाणारी समाधी’ असा करणे आपल्याला अनादराचे वाटते. आणि जेथे वंशज आजही पूर्वजांना वंदन करतात, तेथे संशोधनाची मागणी करणे हा परक्यांचा आगाऊपणा आहे, असे आपले म्हणणे आहे.

आधी माझी चूक मान्य करतो. ‘अभ्यासकांना तेथे पाऊलही ठेवू दिले जात नाही’ हे माझे विधान बरोबर नव्हते. राजघराण्याचा कारभार पाहणाऱ्या कुनाइचो या खात्याने २००८ साली नारा येथील गोसाशी कोफुनच्या खालच्या टप्प्यावर अभ्यासकांना जाऊ दिले, आणि २०१८ साली सकाई नगरपालिकेला सोबत घेऊन दाइसेनच्या खंदकांमधील बांधावर मर्यादित उत्खननही केले.

‘मानली जाणारी’ हे शब्द मात्र मी मागे घेणार नाही. दाइसेनचा टेकाड ४८६ मीटर लांबीचा, कुलपाच्या किल्लीच्या भोकासारख्या आकाराचा असून तो पाचव्या शतकातला आहे. परंतु आत कोण आहे हे सांगणारा एकही लेख तेथे सापडलेला नाही. जवळच निन्तोकूंचे पुत्र रिचू यांची म्हणून नोंदलेली समाधी आहे, आणि टेकाडांवर मांडलेल्या हानिवा या भाजक्या मातीच्या वस्तूंच्या घडणीवरून ती दाइसेनपेक्षा आधीची ठरते. मुलाची समाधी वडिलांच्या समाधीआधी कशी बांधली गेली, हा प्रश्न अभ्यासकांनी विचारायचा नाही तर कोणी विचारायचा? बऱ्याचशा समाध्यांची नावे एदो आणि मेइजी काळात, म्हणजे सतराव्या शतकापासून विसाव्याच्या आरंभापर्यंत, जुने ग्रंथ व स्थानिक परंपरा ताडून ठरवली गेली. ते काम श्रद्धेने झाले, पण तेव्हा हानिवांवरून काळ ठरवण्याची पद्धत उपलब्ध नव्हती.

अशी नावे बदलूच नयेत, असे खुद्द जपानी शासनानेही मानलेले नाही. सम्राट तेम्मू आणि त्यांच्या पत्नी, सम्राज्ञी जितो, यांच्या समाधीवर १२३५ साली दरोडा पडला. त्या वेळी आतील रचनेची जी नोंद करण्यात आली, ती १८८० साली क्योतोच्या कोझान-जी मंदिरात सापडली. तीत वर्णिलेली शवपेटी आणि जितोंचा अस्थिकुंभ तोवर मान्य असलेल्या मारुयामा कोफुनशी जुळत नव्हता, म्हणून पुढच्याच वर्षी तो मान असुका येथील नोगुचीच्या टेकाडाला देण्यात आला. या दुरुस्तीने राजघराण्याचा मान तसूभरही कमी झाला नाही. उलट त्या दांपत्याला वाहिलेली फुले योग्य जागी पोहोचू लागली.

सम्राट केइताई यांच्या बाबतीत मात्र तसे घडलेले नाही, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यांचे निधन ५३१ साली झाले, असे निहोन शोकी हा जपानचा प्राचीन इतिहासग्रंथ सांगतो. खात्याच्या दफ्तरी त्यांची समाधी म्हणून ओता चाउसुयामा नोंदलेली आहे. तेथील हानिवा पाचव्या शतकाच्या मध्याचे, म्हणजे त्यांच्या मृत्यूच्या कितीतरी आधीचे आहेत. बहुतेक अभ्यासक ताकात्सुकी येथील इमाशिरोझुका हीच त्यांची खरी समाधी मानतात. ती खात्याच्या ताब्यात नसल्यामुळे तिचे रीतसर उत्खनन होऊ शकले आणि घरे, घोडे, योद्धे, सुमो मल्ल अशा हानिवांची भव्य मांडणी उजेडात आली. २०११ पासून ते सार्वजनिक उद्यान आहे.

शवपेटी उघडावी, असे मी कोठेही लिहिलेले नाही. माझी मागणी नोंदीतील नाव पुराव्यावर तपासण्याची आहे, आणि आपल्याला ज्या वंदनाची काळजी आहे, त्याच वंदनासाठी मी ती करीत आहे.