नाकापलीकडचा टायको

सोळाव्या शतकातला डॅनिश खगोलज्ञ टायको ब्राहे याचे नाव निघाले की आधी त्याच्या नाकाचीच गोष्ट निघते. १५६६ साली रोस्टॉकला द्वंद्वयुद्धात नाकाचा काही भाग गेला आणि पुढे जन्मभर त्याने धातूचे नाक लावले. ते सोन्याचांदीचे असल्याची दंतकथा होती, पण २०१० मध्ये प्रागमधील त्याचे थडगे उघडून केलेल्या तपासणीत पितळेचे अंश सापडले. गोष्ट रंजक आहे, नाही कशाला म्हणा. परंतु दुर्बीण यायच्या आधी, नुसत्या डोळ्यांनी, ज्याने आकाश जवळजवळ एका कलेपर्यंत, म्हणजे चंद्रबिंबाच्या रुंदीच्या तिसाव्या भागापर्यंत, अचूक मोजले, त्याची ओळख नाकापाशीच थांबावी, हे मला खटकते.

१५६३ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्याने गुरू-शनीची युती पाहिली, तेव्हा जुन्या कोष्टकांतील तारीख जवळपास महिन्याने चुकली होती आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते म्हणणाऱ्या कोपर्निकसच्या गणितावर बेतलेलीही काही दिवसांनी. सिद्धांतांचे भांडण नंतर, आधी नीट वेध घ्यायला हवेत, हे त्याने तेव्हाच ओळखले. डेन्मार्कच्या राजाने १५७६ मध्ये ह्वेन बेट दिल्यावर त्याने तिथे युरानीबोर्ग ही वेधशाळा उभारली. तेथील भित्तीयंत्राचे चित्र मी अनेकदा न्याहाळले आहे: भिंतीवर सुमारे दोन मीटर त्रिज्येचा पितळी कंस, कडेला एक जण तारा टिपतो आहे, दुसरा घड्याळ पाहतो आहे, तिसरा लिहून घेतो आहे; आणि कंसाच्या आतल्या मोकळ्या भिंतीवर खुद्द टायकोचे चित्र, पायाशी झोपलेल्या कुत्र्यासह! विनय हा त्याचा गुण नव्हताच.

त्याने पृथ्वी स्थिर मानली, म्हणून त्याला चुकलेल्यांच्या रांगेत बसवतात. धर्मग्रंथांचा आधार तो घेत असे हे खरे. पण पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर ताऱ्यांत पराशय, म्हणजे बघण्याची जागा बदलल्याने जवळच्या वस्तूचे दूरच्यांच्या तुलनेत सरकणे, दिसायला हवा, ही त्याची हरकत रास्त होती. त्याने तो शोधला, त्याला दिसला नाही. जर्मन खगोलज्ञ बेसेलला तो १८३८ मध्ये सापडला, तोही विकलेच्या (कलेच्या साठाव्या भागाच्या) तिसऱ्या हिश्श्याएवढा. याच पराशयाच्या कसोटीवर त्याने १५७२ चा शर्मिष्ठा तारकासमूहातील नवा तारा आणि १५७७ चा धूमकेतू चंद्रापलीकडचे असल्याचे दाखवून अविकारी, म्हणजे कधीच न बदलणाऱ्या, आकाशाची कल्पना मोडीत काढली होती.

१६०१ मध्ये तो वारला आणि नोंदी त्याचा सहायक केप्लर याच्या हाती आल्या. वर्तुळांवर आधारलेले केप्लरचे मंगळाचे गणित त्या नोंदींशी फक्त आठ कलांनी जुळेना. दुसऱ्या कोणाचे वेध असते तर हा फरक बघणाऱ्याच्या माथी मारून मोकळे होता आले असते. टायकोचे होते, म्हणून केप्लरने स्वतःचे गणित टाकले आणि मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे १६०९ मध्ये छापले.