रुंबकचे पाहुणे, रुंबकच्या मेंढ्या

नमस्कार. लडाखमधल्या रुंबक या गावावरच्या माझ्या लेखावर तुम्ही मनापासून चिडून लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं असं: विमानाने लेहला उतरायचं, टॅक्सीने डोंगरात शिरायचं, शेतकऱ्याच्या घरी दोन रात्री साधेपणा विकत घ्यायचा आणि त्याला पर्यावरणस्नेही पर्यटन म्हणायचं, हे ढोंग आहे. गावाने आपलं जव पिकवावं, पाहुणे नकोतच.

विमानाच्या धुराबद्दल वाद नाही. पण ‘पाहुणे नकोत’ हा पर्याय रुंबकपुढे होता कुठे? मार्खा खोऱ्याकडे जाणारे ट्रेकर होमस्टे सुरू होण्याआधीही त्याच वाटेने जायचे. तंबू, स्वयंपाकी, डाळ-तांदूळ सगळं लेहहून यायचं, घोडी मात्र गावच्या कुरणात चरायची. गावाच्या पदरात फारसं काही पडत नव्हतं.

आणि मूळ प्रश्न पर्यटकांचा नव्हताच, मेंढ्यांचा होता. रुंबक हेमिस राष्ट्रीय उद्यानाच्या आत आहे आणि तिथे हिमबिबट्या आहे. रानात तो पोटापुरतं मारतो. पण रात्री मेंढ्यांच्या वाड्यात उतरला की कोंडलेल्या मेंढ्या सैरावैरा धावतात आणि तो एकामागून एक मारत सुटतो. ज्या घराची पुंजी अशी एका रात्रीत गेली, ते घर सकाळी त्या जनावराला जिवंत कशाला सोडेल? लडाखमध्ये वाड्यात सापडलेले हिमबिबटे दगडांनी ठेचले जात. वाड्याला तारेच्या जाळीचं छप्पर आणि घट्ट दार बसवून रात्रीचा धोका आटोक्यात आला. दिवसा कुरणात मेंढी गेली तर? कुरणाला छप्पर घालता येत नाही. ती खोट भरून काढायला 2002 च्या सुमारास स्नो लेपर्ड कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने गावकऱ्यांबरोबर होमस्टे उभे केले. पाहुणे पाळीपाळीने घराघरांत जातात, मिळकतीतला वाटा गावच्या निधीत जमा होतो, आणि घरचा कारभार बाईकडे असल्याने पैसेही बहुधा तिच्याच हातात येतात. मेंढी गेल्याचा राग येतोच, पण ज्याला बघायला हिवाळ्यात दुर्बिणी गळ्यात अडकवून माणसं येतात, त्याला मारणं आता परवडत नाही.

कोरड्या संडासाची तुम्ही टिंगल केलीत, तिथे मात्र थांबवतो. वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर पाऊस पडणारा तो मुलूख. वरून माती-राख टाकायची, खाली खत होतं, ते जवाच्या शेतात जातं. लेहमधल्या हॉटेलांतले फ्लश बोअरवेलवर चालतात आणि मैला शोषखड्ड्यांतून त्याच जमिनीत मुरतो. साधेपणाचं नाटक म्हणायचंच असेल तर हॉटेलाला म्हणा.

खरी अडचण तुमच्या प्रतिक्रियेत आलीच नाही. ट्रेकिंगचा हंगाम आणि शेतीचा हंगाम एकच. जव कापणीला येतं तेव्हाच पाहुण्यांची वर्दळ, आणि मुलं शिकायला लेहला गेलेली. खळं आणि चूल दोन्ही त्याच दोन-तीन बायकांच्या अंगावर. यावर होमस्टेकडे उत्तर नाही. हिमबिबट्याचा हंगाम जानेवारी ते मार्चचा, शेतं गोठलेली असतात, म्हणून तेव्हाचा पाहुणा निदान कामाच्या आड येत नाही.

‘मग मी जाऊ का?’ असं तुम्ही शेवटी खोचकपणे विचारलंय. जा, थंडी सोसत असेल तर फेब्रुवारीत जा. लेहहून स्वयंपाकी नेऊ नका, वाटाड्या गावातलाच घ्या, आणि घरात जे शिजेल ते खा.