बातमी कुणी वाचतं का?

बास झालं आता! सोलापूर महापालिकेचं अंदाजपत्रक येतं, कोण वाचतं? नटनटीचं लग्न मोडलं की मात्र सात रस्त्यापासून अक्कलकोट रोडपर्यंत सगळ्यांना तपशील तोंडपाठ! ११७ टीएमसीचं उजनी धरण आपल्याच जिल्ह्यात, तरी या शहराच्या नळांना वर्षानुवर्षं रोज पाणी नाही. उजनीचं पाणी शहरात आणणारी समांतर जलवाहिनी किती वर्षं रेंगाळली, का रेंगाळली, याची बातमी पानभर आली तरी अंगठा वर सरकतो. तीस सेकंदांचं रील, मागे ढणढणतं संगीत, खाली "शेवटपर्यंत बघा". झालं, कळली बातमी!

आणि हे आपोआप होत नाही हो. २०१७ मध्ये फेसबुकने रागाच्या इमोजीला लाईकच्या पाचपट वजन दिलं होतं. म्हणजे जे चिडवेल तेच वर! पाणीपट्टीच्या आकड्यांनी कुणाचं डोकं फिरणार? मग ती बातमी तळाला, आणि दोन समाजांत आग लावणारी जुनी क्लिप घरोघरी. तारीख बघायची नाही, गाव बघायचं नाही, ढकलायचं पुढे! व्हॉट्सॲपने २०१८ मध्येच भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्डची मर्यादा घातली. का घातली? अफवांवरून माणसं मारली गेली म्हणून! धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात माणसं ठेचून मारली, त्यातली बहुतेक आपल्याच मंगळवेढा तालुक्यातली. एकूण पाच जणं! तरी आजही फॅमिली ग्रुपवर "मुलं पळवणारी टोळी आली" फिरतंच आहे. अहो, पाठवण्याआधी एकदा तरी पूर्ण वाचा!