‘पुण्याची लोकसंख्या सरकारलाच ठाऊक नाही’? आधी हद्द विचारा

सोसायट्यांच्या ग्रुपवर फिरणारा मजकूर थोडक्यात असा: ‘२०११ची जनगणना एकच, पण पुण्याची लोकसंख्या कुठे ३१ लाख, कुठे ५० लाख, कुठे ९४ लाख. त्यानंतर तर आकडेच नाहीत. त्यापेक्षा इंटरनेटवरचे ७० लाख धरा.’ पुढची जनगणना रखडली, एवढे त्यात खरे आहे. बाकी घोळ हद्दीचा आहे.

‘एका जनगणनेचे तीन आकडे’

तिन्ही बरोबर आहेत. पुणे महानगरपालिका सुमारे ३१.२४ लाख, पुणे नागरी समूह (शहर आणि त्याला सलग लागून असलेली शहरे-वस्त्या) ५०.५७ लाख, पुणे जिल्हा ९४.२९ लाख. नागरी समूहात पिंपरी-चिंचवडचे १७.२७ लाख येतात. तरी दोन्ही महापालिकांची बेरीज ५०.५७ भरत नाही, दोनेक लाख कमी पडतात. ते पुणे, खडकी आणि देहूरोड कँटोन्मेंट आणि लगतच्या गणना-शहरांमधले (नगरपालिका नसली तरी जनगणनेने शहर धरलेली गावे). बातम्यांमध्ये नेमके हेच गळतात.

जिल्ह्यातली सगळी शहरी लोकसंख्या (सुमारे ५७.५ लाख) म्हणजेही ‘महानगर’ नव्हे; त्यात बारामती, दौंड, लोणावळा आहेत. आणि ५०,४९,९६८ की ५०,५७,७०९ हा वाद असेल तर पहिला आकडा हंगामी, दुसरा अंतिम. अंतिमच घ्यावा.

शोधायचे कसे? जनगणनेच्या संकेतस्थळावर २०११च्या तक्त्यांमध्ये ‘ए-४’ उघडा. त्यात नागरी समूह घटकांसह आणि १९०१पासूनच्या बदलासह दिलेले आहेत. गाव किंवा शहर हवे असेल तर जिल्हा जनगणना पुस्तिकेचा भाग ‘ब’. नावापुढची अक्षरे वाचा: ‘सी.बी.’ म्हणजे कँटोन्मेंट, ‘सी.टी.’ म्हणजे गणना-शहर, ‘ओ.जी.’ म्हणजे शहराला चिकटून वाढलेला भाग. एखादी ओळ ‘शहर + ओ.जी.’ अशी असेल तर त्यात तो भाग आधीच धरलेला असतो. तो पुन्हा मिळवला की बेरीज फुगते.

‘महापालिकेने मधेच आकडा बदलला’

आकडा नाही, हद्द बदलली. २०१७मध्ये ११ गावे आली, २०२१मध्ये २३. पुढे फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढली. म्हणून २०२५च्या प्रभागरचनेत २०११चीच लोकसंख्या सुमारे ३४.८१ लाख दिसते. जुनी ३१.२४ लाख आणि ही ३४.८१ लाख शेजारी ठेवून ‘वाढीचा दर’ काढणारे तज्ज्ञही भेटतात! दोन वर्षांची तुलना करायची तर आजच्या हद्दीतली गावे पुस्तिकेतून उचलून जुन्या आकड्यात मिळवा, मगच टक्केवारी काढा. पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) हद्द तर आणखी वेगळी आणि कितीतरी मोठी. ती नागरी समूहाशी जुळवू नये.

‘२०११नंतर काहीच नाही’

डोकी मोजलेली नाहीत, हे खरे. नव्या जनगणनेची संदर्भ-तारीख १ मार्च २०२७ आहे. पण बाकीची आकडेवारी निघत असते: औद्योगिक कामगारांचा ग्राहक किंमत निर्देशांक दरमहा निघतो आणि पुणे त्यातले स्वतंत्र केंद्र आहे. राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय ‘जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन’ काढते. महापालिकेचा पर्यावरण स्थिती अहवाल आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे पत्रक मात्र जिल्ह्याचे असते, ते शहराचे म्हणून वापरू नका.

जन्मनोंदींबाबत जपून. नोंद घटना घडते तिथे होते. बाहेरच्या तालुक्यांतून पुण्यातल्या रुग्णालयांत झालेली बाळंतपणेही पुण्याच्याच नावावर लागतात. वाहनांचेही तसेच: ‘एमएच-१२’ची हद्द आणि महापालिकेची हद्द एक नाही, आणि नोंदलेले प्रत्येक वाहन रस्त्यावर असतेच असे नाही. ‘माणसांपेक्षा गाड्या जास्त’ हे वाक्य बहुतेक वेळा या दोन चुकांवर उभे असते.

‘मग ७० लाखच खरे’

असे आकडे सहसा संयुक्त राष्ट्रांच्या नागरीकरण-अंदाजांवरून उचललेले असतात, आणि ते अंदाज आपल्याच जनगणनेतला नागरी समूह पुढे वाढवून केलेले असतात. अंदाज म्हणून वापरा, पण तो महापालिकेचा नाही. महापालिकेच्या पाणीपुरवठ्याला ७० लाखांनी भागून दरडोई लिटर काढले की उत्तर चुकलेच.

एखादा तक्ता कुठेच नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपये, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. ‘पुण्याची आकडेवारी द्या’ असे मोघम लिहू नका. वर्ष, हद्द (महापालिका की जिल्हा) आणि प्रभागनिहाय की गावनिहाय, हे पहिल्याच ओळीत येऊ द्या.