तेच झाड, तोच उजेड : एका प्रतिक्रियेचे उत्तर

सप्रेम नमस्कार.

लहान गावात राहून चित्रे काढणाऱ्या आणि लिहिणाऱ्या माणसाचे वसंताच्या आरंभीचे दिवस कसे जातात, याविषयी मी जे लिहिले होते त्यावर आपण परखड मत मांडले आहे. ते विचारपूर्वक मांडलेले असल्यामुळे त्याचे उत्तरही सविस्तर द्यावे असे मला वाटते. आपले म्हणणे थोडक्यात असे : दरवर्षी याच सुमारास मी तेच झाड, त्याच खिडकीतून येणारा उजेड आणि त्याच कळ्या यांवर लिहितो व त्यांचीच चित्रे काढतो; फुलापानांच्या या गोड चित्रांना साधना म्हणता येणार नाही, तो फार तर सुखासीन आळस आहे; चित्र आणि लेखन अशा दोन्ही डगरींवर पाय ठेवल्यामुळे माझी दोन्ही कामे अर्धवट राहतात; आणि खरे काम व्हायचे असेल तर कलावंताने जिथे दालने, समीक्षक आणि बरोबरीचे कलावंत आहेत अशा महानगरात गेले पाहिजे.

प्रथम ‘तेच झाड’ आणि ‘तोच उजेड’ यांविषयी लिहितो, कारण आपला मुख्य आक्षेप तिथेच आहे आणि माझा विरोधही तिथेच आहे. वसंतसंपाताच्या, म्हणजे २० किंवा २१ मार्चच्या आसपास उत्तर गोलार्धात दिवस सर्वांत वेगाने वाढत असतो. पन्नास अंश अक्षांशावर ही वाढ रोज जवळजवळ चार मिनिटांची असते आणि वीस अंशांवर ती मिनिटाहून थोडी जास्त असते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या दिवसांत क्षितिजावरील सूर्योदयाचे ठिकाण रोज साधारण एका सूर्यबिंबाच्या रुंदीइतके उत्तरेकडे सरकते, आणि अधिक उत्तरेच्या प्रदेशांत तर त्याहूनही जास्त सरकते. याचा चित्रकाराच्या कामाशी थेट संबंध आहे. डिसेंबर-जूनच्या अयनांताच्या, म्हणजे सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसाच्या आसपास सूर्य जणू थबकलेला असतो, त्यामुळे एकाच चित्रावर आठवडाभर ठरावीक वेळी बसता येते आणि सावल्या बहुतेक जागच्या जागी सापडतात. मार्चमध्ये आठवड्यापूर्वी सुरू केलेल्या चित्राकडे परत यावे, तर खोडावरची उजेडाची कड सरकलेली असते, फांदीची सावली भिंतीच्या दुसऱ्याच भागावर पडलेली असते आणि जे सुरू केले होते ते पुरे करण्याची संधी निघून गेलेली असते. अशा वेळी झाड बदलले तर प्रकाश किती बदलला हे कळण्याचा काही मार्गच उरत नाही. बदल मोजायचा असेल तर एक गोष्ट स्थिर ठेवावी लागते; माझ्यासाठी ती गोष्ट म्हणजे ते झाड आहे.

रंगांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. अनेक पानगळीच्या वृक्षांत पान दिसण्याच्या कितीतरी आधी कळ्या फुगू लागतात आणि त्यांच्यावरच्या तांबूस-तपकिरी खवल्यांमुळे दूरवरून पाहताना निष्पर्ण माथ्यावर एक जांभळट छटा चढते. जवळ गेल्यावर ती छटा नाहीशी होते आणि फक्त काटक्या उरतात. पुढे कोवळी पाने फुटतात तीसुद्धा पुष्कळदा हिरवी नसून लालसर असतात, कारण हरितद्रव्य पुरते तयार व्हायचे असते आणि अँथोसायनिन हे लाल-जांभळे रंगद्रव्य पानात वरचढ असते. त्यानंतरचा हिरवा हा ट्यूबमध्ये मिळणाऱ्या कोणत्याही हिरव्याशी जुळत नाही. कोवळे पान पातळ असते, त्यातून प्रकाश आरपार येतो, आणि सूर्याच्या विरुद्ध बाजूने पाहिल्यास ते समोरून उजळलेल्या पानापेक्षा कितीतरी पिवळे दिसते. एकाच फांदीवर, एकाच क्षणी, हे दोन हिरवे शेजारी शेजारी असतात. लेमन यलोमध्ये कोबाल्ट ब्लूचा अगदी थोडा अंश मिसळून, त्यात तांबड्याची जेमतेम जाणीव राहील इतके बर्न्ट सिएना घालून मी त्यांच्या जवळ जाऊ शकतो. परंतु जलरंग वाळल्यावर फिका होतो, म्हणून ओला असताना बरोबर वाटलेला रंग वाळल्यावर बरोबर असेलच असे नाही. ही जुळणी मला अजून साधलेली नाही, आणि ती साधण्यासाठी वर्षातून फार थोडे दिवस मिळतात. आपण ज्याला पुनरावृत्ती म्हणता तो माझ्या दृष्टीने अपुरा राहिलेला अभ्यास आहे.

‘गोड चित्रे’ हा शब्दप्रयोग मला मान्य नाही. वसंताचा आरंभ हा फुलांचा काळच नाही. तो चिखलाचा, मळक्या उजेडाचा, उघड्या फांद्यांचा आणि अनिश्चित हवेचा काळ आहे. रशियन चित्रकार अलेक्सेय साव्रासोव यांनी १८७१ च्या वसंतारंभी मोल्वितिनो नावाच्या लहानशा वस्तीत जाऊन रेखाटने केली आणि त्यांतून परतलेल्या कावळेवर्गीय पक्ष्यांचे जे चित्र तयार झाले, ते आज मॉस्कोच्या त्रेत्याकोव संग्रहालयात आहे. त्यात काय आहे? वाकडीतिकडी बर्चची झाडे, वितळू लागलेला मळका बर्फ, पक्ष्यांची घरटी, मागे एक साधे देऊळ आणि त्यापलीकडे ओलसर, करडी जमीन. एकही फूल नाही. तरीही ऋतू पालटतो आहे हे त्या चित्रात निःसंशय कळते, आणि ते कळते करड्या रंगांतील अतिशय सूक्ष्म फरकांमुळे. मला ज्या गोष्टीचा ध्यास आहे ती ही आहे.

आता महानगराविषयी. या प्रश्नाचा विचार करताना मला चार्ल्स बर्चफील्ड यांचे आयुष्य नेहमी आठवते, कारण ते चित्रकार होते, आयुष्यभर रोजनिशी लिहिणारे होते आणि वसंताच्या आगमनाने झपाटलेले होते. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या सेलम या लहान गावात ते वाढले. १९१६ साली क्लीव्हलँडच्या कलाशाळेतून बाहेर पडल्यावर त्यांना न्यूयॉर्कमध्ये पुढील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळाली. तिथल्या वर्गात ते एकच दिवस बसले आणि थोड्याच काळात सेलमला परतले. परतून त्यांनी एका धातुकामाच्या कारखान्यात हिशेबाची नोकरी केली, आणि दुपारच्या जेवणाच्या सुटीत व संध्याकाळी ते जलरंगात काम करीत राहिले. १९१७ हे वर्ष त्यांनी स्वतः आपले सुवर्णवर्ष मानले. त्या वर्षी त्यांनी कीटकांचे आवाज, भीती, उदासी अशा गोष्टींसाठी आकारांची एक स्वतःची चिन्हलिपीच तयार केली, आणि घर, झाड, ओहळ, पाऊस अशा त्याच त्या आसपासच्या विषयांतून ती वापरली. त्या काळातील जलरंगांचे प्रदर्शन १९३० साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कलासंग्रहालयाने भरवले, आणि त्या संस्थेने एकाच कलावंतासाठी भरवलेले ते पहिले प्रदर्शन होते. म्हणजे ज्या शहरात ते टिकले नाहीत, त्याच शहराने त्यांचे गावात झालेले काम पाहण्यासाठी भिंती मोकळ्या केल्या.

बर्चफील्ड पुढे १९२१ साली भिंतीवरच्या कागदांचे नमुने करण्याच्या नोकरीसाठी बफेलोला गेले, हेही नोंदवतो, कारण पोटापाण्याचा प्रश्न गावात आपोआप सुटतो असे मी कधीच म्हटलेले नाही. परंतु त्यांच्या कामाचा जो भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्यानंतरचा आहे. १९४३ च्या सुमारास त्यांनी सेलमच्या दिवसांतील जुने जलरंग पुन्हा बाहेर काढले, त्यांच्या कडांना कागदाच्या पट्ट्या जोडून ती चित्रे मोठी केली आणि त्याच विषयांवर नव्याने काम सुरू केले. वसंताच्या आगमनावरचे १९१७ साली सुरू झालेले एक चित्र अशा रीतीने १९४३ साली पुरे झाले. सव्वीस वर्षे एका दरीतल्या वितळत्या बर्फाचा विचार मनात बाळगणाऱ्या माणसाला आपण आळशी म्हणणार नाही, अशी माझी खात्री आहे.

महानगराने कलावंताला काही दिलेच नाही असा याचा अर्थ नाही. व्हिन्सेंट व्हॅन गॉख पॅरिसमध्ये दोन वर्षे राहिले नसते, तर त्यांच्या रंगफलकावरचा अंधार हटला नसता, हे उघड आहे. परंतु ते पॅरिस सोडून २० फेब्रुवारी १८८८ रोजी आर्ल या दक्षिणेकडच्या गावी पोहोचले आणि लगेच आलेल्या वसंतात महिनाभरातच त्यांनी फळबागांच्या बहराची चौदा चित्रे केली. बहर ओसरण्याआधी काम उरकायचे म्हणून ते जोरदार वाऱ्यातही चित्रफळीची घोडी जमिनीत ठोकलेल्या खुंट्यांना बांधून रंगवीत. दालने आणि समीक्षक त्यांना त्या वेळी उपयोगी पडणार नव्हते. झाडे बहरली त्या सकाळी तिथे हजर असणे उपयोगी पडणार होते. शहरात शिकावे, शहरात चित्रे दाखवावीत, याला माझा विरोध नाही. परंतु पालटत्या ऋतूवर काम करणाऱ्याला त्या ऋतूच्या जवळ मुक्काम करावा लागतो, आणि सुटीच्या दिवशी येऊन जाणाऱ्याला ते दिवस सापडतीलच असे नाही.

व्हॅन गॉख यांच्या याच बागांमुळे मी आपल्या दोन डगरींच्या आक्षेपाकडे येतो. त्या चित्रांत त्यांनी वापरलेला एक तांबडा रंग प्रकाशाने विटणारा होता, त्यामुळे मूळचा गुलाबी बहर आज पुष्कळ ठिकाणी पांढुरका दिसतो. तो गुलाबी होता हे ठरवताना रंगांच्या रासायनिक तपासणीइतकीच त्यांची पत्रेही कामी येतात, कारण आपण काय रंगवतो आहोत हे ते भावाला रंगांच्या नावांसह लिहून कळवीत असत. रंगाने जे गमावले ते अक्षरांनी राखले. मी चित्राशेजारी रोज लिहितो ते याच कारणाने. कोणता रंग कशात मिसळला, आभाळ कसे होते, पहिला पक्षी कोणत्या बाजूने ओरडला, हे चित्रात उतरत नाही; आणि फांदीचा जो विशिष्ट बाक मला दिसला, तो कितीही लिहिले तरी वाचणाऱ्याला दिसत नाही. एकाच पाहण्याची ही दोन अंगे आहेत, आणि त्यांतले एक तोडले तर दुसरे लंगडे होईल.

लेखनाच्या बाजूने याचे उदाहरण द्यायचे तर डॉरोथी वर्ड्‌स्वर्थ यांचे देता येईल. १५ एप्रिल १८०२ रोजी भाऊ, इंग्रज कवी विल्यम यांच्यासोबत इंग्लंडमधील अल्सवॉटर सरोवराच्या काठाने चालताना त्यांना डॅफोडिलची फुले दिसली. त्या दिवसाच्या रोजनिशीत वारा किती जोराचा होता, काही फुले दगडांवर मान टेकून कशी विसावली होती आणि बाकीची कशी डोलत होती, हे सगळे त्यांनी नेमके टिपून ठेवले. विल्यम यांची त्या फुलांवरची प्रसिद्ध कविता १८०७ साली छापली गेली. कवितेत एकाकी भटकणारा एकच माणूस आहे; रोजनिशीत मात्र दोघे आहेत, वारा आहे, दगड आहेत, पावसाळी हवा आहे. कवितेचे मोल मी कमी करीत नाही. परंतु ज्या साध्या दैनंदिन नोंदीला आपण ‘दिनचर्येची वर्णने’ म्हणून बाजूला सारता, ती पाहणाऱ्याच्या हाताने लगेच लिहिलेली असते म्हणूनच तिच्यात ते दगड टिकून राहिले.

आता दिनक्रम आणि आळस. सकाळच्या उजेडाचे दोन-तीन तास चित्राचे असतात, त्यानंतरचा दिवस इतर माणसांप्रमाणेच चरितार्थाच्या कामात जातो, आणि लेखन दिवे लागल्यावर होते. यात रिकामे दिसणारे जे तास आहेत ते बहुतेक वाळण्याचे तास आहेत. हवेत गारठा आणि दमटपणा असेल तर जलरंगाचा पहिला थर सुकेपर्यंत दुसरा देता येत नाही, दिला तर कडा फुटतात आणि रंग गढूळ होतो. तैलरंगाचे याहून कठीण असते, कारण जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जात नाही, ते हवेतील प्राणवायू शोषून घट्ट होते, आणि थंडीत ही क्रिया फार मंदावते. त्या वेळात मी बाहेर जाऊन पाहतो किंवा परत येऊन लिहितो. दूरवरून ते निरुद्योगीपणासारखे दिसत असेल, परंतु कामाचा तो भाग टाळून पुढचा भाग करता येत नाही.

अशा नोंदींचा उपयोग लिहिणाऱ्याला त्याच्या हयातीत कळेलच असेही नाही. इंग्लंडमधील नॉरफोक परगण्यात रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ पासून वसंताच्या खुणा नोंदवायला सुरुवात केली, आणि त्यांच्या घराण्याने ते काम १९५८ पर्यंत चालवले. कोणत्या झाडाला पान केव्हा फुटले, कोणता पक्षी केव्हा परतला, एवढेच त्यात होते, आणि आज हवामानबदलाचा अभ्यास करणारे त्याच नोंदी तपासतात. माझ्या वहीला तसे काही मोल येईल असा माझा दावा नाही. फक्त, तेच ते दरवर्षी लिहिणे निरर्थक असते हे मला पटत नाही.

अखेरीस आपण सुचवले आहे की निदान पुढच्या वसंतात मी दुसरा विषय निवडावा. ती सूचना मी स्वीकारणार नाही. कळीचे खवले उकलतात आणि आतले पान अजून उलगडलेले नसते, असा जो मोजका काळ असतो त्यात फांदीचा रंग तांबूस, पोपटी आणि करडा या तिन्हींच्या मधे कुठेतरी असतो, आणि तो मला आजवर एकदाही कागदावर नीट आणता आलेला नाही. यंदा मी खवल्यांसाठी आधी फिका तांबूस थर देऊन तो पुरता सुकू दिला आणि त्यावर पिवळा चढवला. मागल्या पद्धतीपेक्षा हे बरे जमले, परंतु सावलीच्या बाजूला रंग अजूनही जड होतो. पुढच्या वर्षी त्याच झाडासमोर बसून तेवढी बाजू सोडवायची आहे.