तिच्या हातातलं पुस्तक काढून घेऊ नका

आज सकाळी नात्यातल्या एका काकूंचा फोन आला. मनाने चांगल्या आहेत, माझ्या प्रत्येक स्कॅनची तारीख त्यांच्या लक्षात असते. तब्येत, औषधं, झोप सगळी चौकशी झाली आणि मग आवाज जरा खाली आणून म्हणाल्या, "अगं, त्या पोरीला असली मरणाबिरणाची पुस्तकं कशाला देतेस? आत्ता तर मुळीच देऊ नकोस. आणि तू तरी या वयात शाळकरी पोरांच्या कादंबऱ्या काय वाचत बसतेस? मन प्रसन्न होईल असं काहीतरी वाच."

मी "बघते" म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून डोकं तापलंय. काकूंना फोनवर उलट बोलणं मला जमत नाही, म्हणून इथे लिहितेय. तुम्ही सगळे वाचणारी माणसं आहात, तुम्हाला हे समजावून सांगावं लागणार नाही. तरी लिहिते.

नव्याने जोडल्या गेलेल्यांसाठी: मला स्तनाचा कॅन्सर आहे, चौथी स्टेज, हाडांमध्ये पसरलेला. म्हणजे तो मुळासकट जाईल या हिशेबाने उपचार चाललेले नाहीत, तो आटोक्यात राहावा म्हणून चालले आहेत. एक औषध लागू पडतं तोवर ते घ्यायचं, मग पुढचं. "ट्रीटमेंट संपली की" या शब्दांनी सुरू होणारं कुठलंच वाक्य मला लागू होत नाही. मी अडतीस वर्षांची आहे. माझी भाची पंधरा वर्षांची. आणि आम्ही दोघी मिळून टीनएजर मुलांसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या वाचतो. ती आठवीत होती तेव्हापासून, म्हणजे माझ्या आजाराच्या आधीपासून. हे मुद्दाम सांगतेय, कारण लोकांना वाटतं मी आजारी पडल्यावर तिला यात ओढलं.

आता "मन प्रसन्न करणारी" पुस्तकं. भेटायला येणारा जवळपास प्रत्येक जण एक घेऊन येतो. माझ्या उशाशी त्यांची चळत लागली आहे. सकारात्मक विचार करा, पेशीसुद्धा ऐकतात. मनात आणलं की काहीही शक्य आहे. म्हणजे माझ्या हाडांत तो पसरला तो मी मनात आणलं नाही म्हणून? हे पुस्तक हातात ठेवताना आपण त्या माणसाला काय सांगतोय, याचा एकदा तरी विचार करा ना. मी दोन पुस्तकं अर्धी वाचली आणि रडले, आणि ते रडणं बरं वाटण्याचं नव्हतं.

याउलट ती "शाळकरी पोरांची" कादंबरी उघडा. नायिका पंधरा वर्षांची. तिचं शरीर तिला न विचारता बदलतंय. मोठी माणसं शेजारच्या खोलीत दार लोटून तिच्याबद्दल बोलतायत. तिच्या आयुष्याचे निर्णय होतायत आणि तिला शेवटी कळतायत. मैत्रिणी पुढे निघून चालल्यात. आरशात बघितलं की कोणीतरी अनोळखी. अहो, ही मीच आहे! मोठ्यांच्या कादंबरीत आजारी माणूस बहुतेक वेळा पडून जुनं काहीतरी आठवत असतं. या पुस्तकांत आज काय करायचं, हे कोणाला सांगायचं आणि सांगताना त्याच्या डोळ्यांत कसं बघायचं, हा प्रश्न असतो. माझाही रोजचा प्रश्न तोच आहे.

छोटी प्रकरणं सोयीची पडतात हेही खरं, केमोने डोक्यात धुकं बसलं की चार पिढ्यांची नावं लक्षात राहत नाहीत. पण तेवढ्याच कारणाने मी ती वाचते असं कोणी म्हणू नये.

एक गंमतीची गोष्ट मला भाचीने सांगितली. कॅन्सरच्या क्षेत्रात १५ ते ३९ हा एकच वयोगट धरतात, किशोर आणि तरुण रुग्णांचा. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेची ही व्याख्या आहे. शिक्षण, नोकरी, लग्न, मूल होणं न होणं, हे सगळं ऐन रंगात असताना आजार येतो, म्हणून या लोकांच्या अडचणी लहान मुलांपेक्षाही वेगळ्या आणि म्हाताऱ्यांपेक्षाही वेगळ्या. तिने मला मेसेज केला, "मावशी, आपण दोघी एकाच गटात आहोत, मी या टोकाला, तू त्या टोकाला." काकू म्हणतात "या वयात". माझं वय हेच आहे.

आता ज्या पुस्तकावरून हे सगळं झालं त्याबद्दल. 'अ मॉन्स्टर कॉल्स'. एका मुलाची आई कॅन्सरने आजारी आहे आणि रात्री एक यूचं झाड राक्षस होऊन त्याच्या खिडकीशी येतं. ते त्याला तीन गोष्टी सांगतं आणि चौथी गोष्ट त्याने सांगायची, खरी, अशी अट घालतं. चौथी गोष्ट काय ते मी इथे लिहिणार नाही, ज्यांनी वाचलं नाही त्यांनी वाचा. या पुस्तकाची कल्पना मुळात शिवॉन डाउड या लेखिकेची. तिला स्वतःला स्तनाचा कॅन्सर होता. पात्रं तिच्या मनात होती, सुरुवात होती, वेळ नव्हता. २००७ साली ती गेली, सत्तेचाळीस वर्षांची. मग पॅट्रिक नेस यांनी ते पुस्तक लिहिलं, २०११ मध्ये आलं, आणि पुढच्या वर्षी त्याला ब्रिटनमधलं, मुलांच्या पुस्तकांसाठीचं कार्नेगी मेडल मिळालं, जिम के यांच्या चित्रांना केट ग्रीनअवे मेडल. जाण्याआधी काही दिवस डाउडने आपल्या पुस्तकांचं उत्पन्न एका ट्रस्टला लावून दिलं, ज्या मुलांपर्यंत पुस्तकं पोचत नाहीत त्यांच्यापर्यंत ती पोचावीत म्हणून. कॅन्सर असलेली एक बाई शेवटच्या दिवसांत मुलांच्या वाचनाची तजवीज करत होती. आणि आपण मुलांच्या हातातून पुस्तक काढून घ्यायला निघालोय.

तर भाची हे पुस्तक वाचत माझ्या पायथ्याशी बसली होती. सुट्टीचा दिवस, मी आडवी. ती बराच वेळ पान उलटत नाहीये हे माझ्या लक्षात आलं होतं. मग पुस्तकात बोट घालून तिने ते मिटलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "मावशी, तुझंही असं होणार का?"

घरात हा प्रश्न मला आजवर कोणीही विचारलेला नाही. ताईने नाही, आईने नाही. सगळे "काही होत नाही गं तुला" म्हणतात. पंधरा वर्षांच्या मुलीने विचारला.

मी म्हटलं, "होऊ शकतं. लगेच नाही. आणि होणार असं कळलं तर तुला सांगेन, लपवणार नाही."

ती "ओके" म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पण पुस्तकातल्या त्या मुलाने त्याच्या आजीची बैठकीची खोली फोडायला नको होती." आणि त्यावर आमचं जे जुंपलं! माझं म्हणणं, फोडू दे, त्याला दुसरं काय करता येत होतं. तिचं म्हणणं, आजीची पण मुलगीच मरतेय ना, तिचं काय. मला हे सुचलंच नव्हतं. आजी खडूस आहे एवढंच मी धरून बसले होते. आजीचीही मुलगी मरतेय. त्या रात्री मी माझ्या आईकडे जरा वेगळ्या नजरेने बघितलं.

हेच ताईने सहज काकूंना सांगितलं आणि त्यातून सकाळचा फोन. "पोरीच्या मनावर परिणाम होईल." अहो, परिणाम झालेलाच आहे! तिच्या मावशीचे केस गेलेत, भुवया गेल्यात, मावशी जिना चढताना मध्ये थांबते, आणि तिला दिसत नाही असं तुम्हाला वाटतं? पुस्तकाने तिला घाबरवलेलं नाही. ती आधीच घाबरलेली होती, एकटी घाबरलेली होती. आपण सगळे तिच्यासमोर हसऱ्या चेहऱ्याने फिरत होतो आणि तिला वाटत होतं की हा प्रश्न फक्त आपल्याच डोक्यात येतो, म्हणजे आपण वाईट आहोत. हे तिने मला नंतर सांगितलं. हे वाचून तुमच्या घशात काही दाटून येत नसेल तर माझ्याकडे पुढे बोलायला काही नाही.

मुलांना झेपत नाही म्हणे. अमेरिकन लेखिका एस. ई. हिंटन यांनी पहिली कादंबरी, 'द आउटसायडर्स', पंधराव्या वर्षी लिहायला घेतली, १९६७ साली ती छापून आली तेव्हा त्या अठरा वर्षांच्या होत्या. त्यात मुलं मरतात. ती लिहिणारी स्वतः माझ्या भाचीएवढी होती. ज्यांना लिहिता येतं त्यांना वाचता येत नाही?

मान्य, सगळी मुलं सारखी नसतात आणि कोणाला कधी काय द्यायचं हे बघून द्यावं लागतं. पण बघून देणं वेगळं आणि आपल्याला भीती वाटते म्हणून न देणं वेगळं.

आणि हो, या प्रकारात वाईट पुस्तकंही ढिगाने आहेत, त्यांचा मला काकूंपेक्षा जास्त राग आहे. सुंदर फिकट मुलगी, मोठे डोळे, शहाणी वाक्यं, उलटी नाही, बद्धकोष्ठ नाही, तोंडात फोड नाहीत, बिलावरून आईबाबांची भांडणं नाहीत. ती मरते आणि तिच्या मरण्याने नायक चांगला माणूस होतो. ती कशासाठी होती मग? त्याला सुधारायला? असलं एक पुस्तक भाचीने स्वतःच अर्ध्यात ठेवून दिलं. म्हणाली, "हिला कधी कंटाळाच येत नाही, असं कसं?" बरोबर. सलाईन संपायची वाट बघत खुर्चीत तासन्‌तास बसायचं म्हणजे काय, हे त्या लेखकाला माहीतच नव्हतं आणि पंधरा वर्षांच्या मुलीच्या ते लक्षात आलं.

माझ्या बोटांबद्दल सांगते. सध्या मला पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध चालू आहे, दर आठवड्याला. त्याने बोटांची टोकं बधिर होतात, नसांवर परिणाम होतो. शर्टाची गुंडी लागत नाही, नाणं उचलता येत नाही, आणि पुस्तकाचं पान सुटं होत नाही. तीन-चार पानं एकदम उलटतात आणि कळतही नाही, वाक्य जुळलं नाही की मग कळतं. मी हे कोणाला बोलले नव्हते. पुढचं पुस्तक भाचीने आणून दिलं तेव्हा त्याच्या प्रत्येक पानाचा खालचा कोपरा तिने नखाने किंचित वर वळवून ठेवला होता. प्रत्येक पानाचा. ही तीच मुलगी, जी मी खूण म्हणून पान दुमडलं तर माझ्याशी दिवसभर बोलायची नाही.

आणि हे औषध पहिल्यांदा काढलं गेलं ते पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून. तेही तिनेच शोधलं. रात्री साडेअकराला मेसेज: "मावशी!!! यू!!! पुस्तकातलं झाड!!!" या औषधाआधी स्टेरॉइड देतात, रिअ‍ॅक्शन येऊ नये म्हणून, त्यामुळे त्या रात्री मला झोप नसतेच. मी लगेच उत्तर दिलं. दीड वाजेपर्यंत आम्ही बोलत होतो, की राक्षस मारायला येतो, वाचवायला येतो की नुसता सोबत बसायला येतो. ताई दुसऱ्या दिवशी मला रागावली, पोरीची शाळा होती. रागावू दे.

माझे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशी, कमी असले आणि तिला सर्दी असली की ती येऊ शकत नाही. मग फोनवर. ती तिकडे वाचते, मी इकडे, आणि मध्येच "बासष्ट नंबर पानावर आलीस का?" त्या वेळेत कोणी मला तब्येत विचारत नाही. पूर्ण दिवसात तेवढाच वेळ असतो जेव्हा मी पेशंट नसते. आणि तीही "बिचारीची भाची" नसते, दोन वाचणाऱ्या बाया भांडत असतात. काकू, तुम्ही हे बंद करायला सांगताय.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. काकूंनी आज फोन केला, पुढच्या आठवड्यातही करतील, आणि त्यांच्या आवाजात जी भीती होती ती माझ्यासाठीच होती हे मला कळतं. आमच्या घरात भीती अशीच बाहेर पडते, "हे करू नकोस, ते वाचू नकोस" अशी. म्हणून मी ठरवलंय की ते पुस्तक काकूंनाच द्यायचं. भाचीला विचारलं, ती म्हणाली, दे, पण आजीच्या खोलीबद्दल त्यांचं मत काय ते मला कळलं पाहिजे. काकू, ही पोस्ट तुमच्यापर्यंत पोचेलच. पुस्तक पाठवतेय. याचेही कोपरे भाचीने वळवून ठेवलेत, तुमच्या बोटांनाही सोयीचं पडेल.

बाकीच्यांकडे एक काम आहे. आम्हाला आता पुस्तकांची मालिका हवी आहे, लांबलचक, किशोरवयीन मुलांची, मराठी किंवा इंग्रजी कशीही चालेल. राजकन्या आणि निवडलेला एकमेव तारणहार नको, भाची कंटाळली आहे. बहिणी असतील तर उत्तम. सगळे भाग आलेले नसले तरी चालेल, पुढचा भाग येईपर्यंत थांबायची आमची तयारी आहे. कोणाकडे असेल तर मेसेज करा, मी कोणाला तरी न्यायला पाठवते.